तिळारीच्या खोऱ्यात, पहिल्या पावसाच्या चार रात्री

गेल्या वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे आंब्याचा हंगाम आटोपून पर्यटक परतलेले असतात आणि कोकणातल्या मुक्कामाच्या बहुतेक जागा दारे लावून बसतात त्या दिवसांत, मी आणि आई दोडामार्ग तालुक्यातल्या एका मातीच्या घरात चार रात्री राहून आलो. जागेचे नाव मी लिहीत नाही, कारण तिथे एकूण तीनच खोल्या आहेत आणि चालवणाऱ्या कुटुंबाला याहून अधिक पाहुणे नको आहेत. परंतु अशा घरात राहणे म्हणजे नेमके काय, हे सविस्तर लिहावे असे परतल्यापासून वाटत होते. पुण्यात इमारतींच्या पाणीपुरवठ्याचे आणि सांडपाण्याचे आराखडे करणे हा माझा व्यवसाय आहे, त्यामुळे कोणत्याही घरात शिरले की पाणी येते कुठून आणि जाते कुठे याकडेच माझे लक्ष आधी वळते. हे लिखाणही बरेचसे त्याच वाटेने जाणार आहे.

सिंधुदुर्गाला १९९७ मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून घोषित केले गेले. तेव्हापासून समुद्रकिनाऱ्याकडची गावे झपाट्याने बदलली, दोडामार्ग मात्र सह्याद्रीच्या पायथ्याशी, किनाऱ्यापासून दूर राहिला. तिळारी नदी इथून वाहत जाऊन गोव्यात शापोरा या नावाने समुद्राला मिळते. आम्ही पुण्याहून रात्रीच्या बसने आजरा, आंबोली, सावंतवाडी असे आलो आणि पुढे रिक्षाने गावात उतरलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. आकाश भरून आले होते, पाऊस मात्र सुरू झाला नव्हता, आणि उकाडा असा होता की पाठीवरचा घाम वाळायलाच तयार नव्हता.

घराकडे जायला पोफळीच्या बागेतून जांभ्याच्या पायऱ्या उतराव्या लागतात. पायऱ्यांवर आणि अंगणात नारळाची चुडते अंथरलेली होती. मला वाटले, वाऱ्याने पडली असावीत. आईने लगेच सांगितले की, ती मुद्दाम पसरलेली असतात, कारण पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरते आणि चुडतांवर पाय टाकला की तो घसरत नाही. आईचे माहेर कुडाळ तालुक्यातल्या माणगावचे. लग्नानंतर ती पुण्याला आली, आणि तिच्या भावांनी जुने घर पाडून स्लॅबचे घर बांधले त्यालाही आता तीस वर्षे होत आली. अंगणात ओट्यावर बसलेल्या यजमानांच्या आईने, ज्यांना सगळे आजी म्हणतात, तिच्याकडे पाहून विचारले, "तू खंयची गो?" आईने गावाचे नाव सांगितले. मग माझ्याकडे बोट करून त्या म्हणाल्या, "ह्या तुझा चेडू?" म्हणजे ही तुझी मुलगी का. त्यानंतर चार दिवस आई मालवणीतच बोलत राहिली. पुण्याच्या घरात तिचे ते बोलणे मी फोनवर मामाशी बोलताना तेवढे ऐकलेले आहे.

घर जांभ्याच्या चिऱ्यांचे आहे, त्यावर आतून मातीचा गिलावा आहे आणि जमीन चोपण्याने चोपून शेणाने सारवलेली आहे. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो आणि उघड्या हवेत राहिला की कडक होत जातो. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश वैद्याने १८०७ मध्ये केरळातल्या अंगाडिपुरमच्या दगडावरून त्याला ‘लॅटराइट’ हे नाव दिले, ते लॅटिनमधल्या वीट या अर्थाच्या शब्दावरून, आणि ते नाव किती योग्य आहे हे चिरेखाण पाहिलेल्या कोणालाही पटेल. या दगडाचा दोष एवढाच की तो सच्छिद्र असतो आणि पाणी पितो. म्हणून कोकणातल्या जुन्या घराचे खरे संरक्षण त्याचे छप्पर करते. इथे पागोळ्या भिंतीपासून जवळजवळ चार फूट लांब पडत होत्या, आणि नैर्ऋत्येच्या बाजूला, जिकडून पावसाचा मारा येतो तिकडे, पडवीला विणलेल्या चुडतांचा आडोसा बांधलेला होता. कौले मंगळुरी आहेत. ही सपाट, एकमेकांत अडकणारी कौले आपल्याकडे इतकी रुळली आहेत की ती आपली परंपराच वाटतात, पण त्यांचा कारखाना बासेल मिशनने मंगळुरात १८६५ मध्ये काढला. त्याआधी गावोगावच्या कुंभारांची नळीची कौले असत. परंपरा म्हणजे न बदललेली वस्तू असे समजून जे लोक अशा घरांचे कौतुक करतात, त्यांनी हे लक्षात ठेवावे असे मला वाटते.

आमच्या खोलीवरचे वासे किंजळीचे होते आणि पडवीचे खांब माणगा बांबूचे. माणगा हा कोकणातला बिनकाट्याचा, जवळजवळ भरीव बांबू. यजमान, ज्यांना मी दादा म्हणू लागले, त्यांनी तो स्वतःच्या बांधावरूनच तोडला होता आणि बोरॅक्स व बोरिक आम्लाच्या द्रावणात बुडवून ठेवला होता. बांबूतल्या पिठूळ अंशावर भुंगेरे जगतात, ते पोखरतात आणि खांबाखाली पिवळी भुकटी पडू लागते. हे द्रावण आत मुरले की बांबू त्यांच्या खाण्यालायक राहत नाही. केवळ दिसायला नैसर्गिक म्हणून न मुरवलेला बांबू वापरणाऱ्या जागा मी पाहिल्या आहेत. त्यांना तीन-चार वर्षांत सगळे बांधकाम बदलावे लागते, आणि त्यात निसर्गाची कसलीच बचत होत नाही.

पहिली दुपार कठीण गेली. उष्ण, दमट प्रदेशात तापमानापेक्षा हवेतली वाफ माणसाला थकवते, कारण घाम उडून जाऊ शकत नाही. अशा हवेत शरीराला सुखावते ती हलती हवा. खोलीत वातानुकूलन यंत्र नव्हते, छताला एक पंखा होता आणि समोरासमोर दोन खिडक्या होत्या, वर कौलांखाली भिंतीचा तीन बाजूंना उघडा ठेवलेला पट्टा होता, ज्यातून तापलेली हवा बाहेर पडते. दीड टनाचे वातानुकूलन यंत्र चालताना साधारण दीड हजार वॅट वीज घेते, नव्या प्रकारचा पंखा तीस-पस्तीस वॅटमध्ये चालतो. हा हिशोब मी कागदावर अनेकदा केला आहे, पण त्याच्यासोबत दिवस काढावा लागला की त्याचा दुसरा भाग समजतो: माणसाने आपला दिवसही बदलला पाहिजे. दुपारी बारा ते चार आम्ही पडवीत सतरंजीवर पडून राहिलो, हालचाल कमी केली, कोकमाचे सरबत प्यायलो. सकाळी सहाला उठून कामे करायची आणि दुपारी थांबायचे, हा कोकणातल्या घराचा क्रम त्या हवेनेच घडवलेला आहे. थंड बंद खोलीची सवय घेऊन आलेल्या पाहुण्याला इथे त्रास होईल, आणि हे त्याला आधीच स्पष्ट सांगितले पाहिजे. दादा ते फोनवरच सांगतात.

पाऊस दुसऱ्या रात्री आला. आधी वारा सुटला, पोफळी वाकल्या, मग डोंगराच्या बाजूने एक घोंघावणारा आवाज जवळ येत गेला आणि तो आवाज पावसाचाच आहे हे कळेपर्यंत कौलांवर पाणी कोसळू लागले होते. वीज त्याआधीच गेली होती. छपरावरच्या सौर पट्ट्यांवर भरलेली बॅटरी तीन खोल्यांचे दिवे आणि पंखे रात्रभर पुरवते, पण पाऊस लागून राहिला की पट्ट्यांना ऊन मिळत नाही, त्यामुळे जून ते सप्टेंबर पंखे जपून वापरावे लागतात. जोराच्या वाऱ्याबरोबर कौलांच्या सांध्यांतून अतिशय बारीक तुषार आत येत होते. मच्छरदाणीवर ते चमकताना मी कंदिलाच्या उजेडात पाहिले. सकाळी दादांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "पयल्या पावसात अशेच शितोडे येतले, कौलां वायच भिजली काय बसतत." आणि खरोखरच तिसऱ्या रात्री, पाऊस तितकाच असूनही, तुषार थांबले होते. पहिल्या पावसाच्या रात्री आई बराच वेळ जागी होती. मी विचारले, झोप येत नाही का, तर ती म्हणाली की पावसाचा हा आवाज तिने तीस वर्षांत ऐकला नव्हता, कारण स्लॅबच्या घरात तो ऐकूच येत नाही.

त्या पावसानंतरच्या सकाळी आभाळ थोडे उघडले तेव्हा मी दादांना विनंती केली की, मला तुमचे पाणी दाखवा. ते आनंदाने निघाले. घराच्या वर, डोंगराच्या कुशीत एक बारमाही झरा आहे. तिथून दगडी पाटाने पाणी बागेत येते, आणि एका बाजूची नळी वाळू व कोळशाच्या गाळणीतून गेल्यावर स्वयंपाकघरात पोहोचते. सगळे उताराने, पंपाशिवाय. पिण्याचे पाणी चुलीवर उकळून तांब्याच्या कळशीत भरलेले असते आणि पाहुण्यांना बाटलीबंद पाणी दिले जात नाही. अंघोळीचे पाणी न्हाणीतल्या चुलीवर तांब्याच्या भाणात तापते, जळणाला नारळाची सोडणे आणि करवंट्या. न्हाणीचे पाणी भिंतीतल्या मोरीतून थेट मागच्या केळींच्या आणि अळवाच्या वाफ्यात जाते. कोकणात प्रत्येक घरामागे केळी आणि अळू असतेच, आणि ते का असते याचे उत्तर हेच आहे. या दोन्ही वनस्पतींना भरपूर पाणी लागते आणि साबणाच्या फेसाने त्या सहसा मरत नाहीत. तरीही पाहुण्यांना शिकेकाई आणि रिठ्याची पूड ठेवलेली असते आणि आपला शाम्पू शक्यतो वापरू नये अशी विनंती भिंतीवर सुवाच्य अक्षरात लिहिली आहे.

इथपर्यंत मला सगळे मनापासून आवडले होते. मग आम्ही शौचालयांच्या मागे गेलो. तिथे दोन शोषखड्डे आहेत, ही पद्धत खेडोपाडी चांगली रुळलेली आहे: एक खड्डा भरला की मैला दुसऱ्याकडे वळवायचा आणि पहिला बंद करून दीड-दोन वर्षे तसाच ठेवायचा, म्हणजे आत निर्धोक खत तयार होते. कोरड्या प्रदेशात ही व्यवस्था उत्तम चालते. पण इथे जमीन जांभ्याची आहे. जांभ्यात बोटाएवढ्या नळ्या आणि भेगा असतात, माती जसे सांडपाणी गाळून घेते तसे जांभा घेत नाही, पाणी त्या भेगांतून सरळ पुढे धावते. त्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये भूजल वर येऊन खड्ड्याच्या तळाला भिडणार. खड्ड्यांपासून खालच्या विहिरीपर्यंतचे अंतर मी पावलांनी मोजले तर ते साधारण चौदा मीटर भरले. मऊ, बारीक मातीत हे अंतर पुरेसे मानले असते; भेगाळ दगडात मी ते पुरेसे मानणार नाही.

हे दादांना सांगावे की नाही, याचा मी थोडा विचार केला. पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाने यजमानाच्या घरातली उणीव काढणे मला अवघड वाटत होते. पण ती विहीर शेजारच्या वाडीतल्या दोन घरांचीही आहे, हे समजल्यावर गप्प बसणे शक्यच नव्हते. दादांनी शांतपणे ऐकून घेतले. त्यांनी विचारले की, मग काय करायचे, आणि आम्ही तिथेच छत्रीखाली उभे राहून तासभर बोललो. तळ सिमेंटने बंद करून खड्ड्याभोवती अर्धा मीटर बारीक वाळूचा थर भरणे हा एक उपाय आहे. पण भूजल इतके वर येत असेल तर मैल्यासाठी जमिनीच्या वर उचललेली बंद टाकी बांधून तिचे पाणी खडी आणि कर्दळीच्या वाफ्यातून सोडणे अधिक खात्रीचे. कर्दळ चिखलात आनंदाने वाढते आणि तिच्या मुळांभोवतीचे जिवाणू पाणी बऱ्याच अंशी शुद्ध करतात. गाळून आलेले ते पाणी मग पोफळीला देता येते.

पर्यावरणस्नेही हा शब्द आता इतक्या पाट्यांवर दिसतो की त्याची परीक्षा कशी करावी हे ठरवून घ्यावे लागते. काही वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी राहिलो होतो, तिथे सिमेंटचे खांब झाडाच्या खोडासारखे रंगवले होते आणि रात्रभर डिझेलचा जनरेटर चालत होता. त्या ठिकाणी कोणालाही मैला कुठे जातो असे विचारले तर उत्तर मिळत नव्हते. इथे विचारल्याबरोबर यजमान मला खड्ड्यापर्यंत घेऊन गेले. दोष दोन्हीकडे होता, पण दाखवण्याची आणि दुरुस्त करण्याची तयारी एकाच ठिकाणी होती, आणि माझ्या मते भिंत मातीची आहे की विटांची यापेक्षा हे कितीतरी महत्त्वाचे आहे.

जेवणाविषयी लिहिले नाही तर आई रागावेल. जूनच्या आरंभापासून समुद्रातल्या यांत्रिक मासेमारीला बंदी असते, कारण हा माशांच्या विणीचा काळ, त्यामुळे ताजे मासे नव्हते. दादांच्या पत्नीने, म्हणजे वहिनींनी, आगोटीला (पावसाळ्याच्या तोंडावर) भरून ठेवलेले सुके बांगडे चुलीतल्या निखाऱ्यावर भाजले, कुळथाची पिठी केली, उकड्या तांदळाची पेज आणि फणसाच्या आठळ्यांची भाजी केली. सकाळी घावणे आणि नारळाचा रस. पावसाच्या दुसऱ्या दिवशी टाकळा उगवू लागला होता, त्याची कोवळी पाने आजींनी स्वतः खुडून आणली. शेजारच्या खोलीतल्या एका पाहुण्याने चढणीचे मासे मिळतील का असे विचारले. पहिल्या पुरात मासे अंडी घालायला ओढ्यांतून वर चढतात आणि तेव्हा ते सहज पकडता येतात. कोकणात त्यांची आवड मोठी आहे, माझ्या मामांनाही आहे. दादांनी नम्रपणे सांगितले की, आम्ही ते लहानपणी खूप पकडले, पण आता ओढ्यात मासे उरले नाहीत म्हणून पाच वर्षांपासून बंद केले आहे.

तिसऱ्या दिवशी आम्ही तालुक्यातल्याच बांबर्डे गावची देवराई पाहायला गेलो. जायफळाच्या कुळातल्या मायरिस्टिका वृक्षांची ही दलदल आहे, क्षेत्र अडीच हेक्टरांहून थोडेसेच अधिक, आणि राज्य शासनाने २०२१ मध्ये तिला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केले. कायम पाण्यात उभ्या असलेल्या या झाडांची मुळे श्वास घेण्यासाठी चिखलातून वर येऊन गुडघ्यासारखी वाकतात आणि पुन्हा खाली जातात. आजूबाजूच्या डोंगरांवर रबर आणि अननसाच्या लागवडीसाठी मूळ जंगल उतरवलेले दिसते. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये वृक्षतोडीला मनाई केली, आणि २०२० मध्ये तिळारीचे २९.५३ चौरस किलोमीटर क्षेत्र संवर्धन राखीव झाले. तरीही उघड्या लाल डोंगरावरून गढूळ पाणी ओढ्यात उतरताना पाहिले तेव्हा मला फार वाईट वाटले, कारण दादांच्या घरामागचा ओढा त्याच पावसात जवळजवळ स्वच्छ वाहत होता. त्यांच्या चार एकरांत वरचा अर्धा भाग त्यांनी मुद्दाम जंगल म्हणून सोडला आहे, आणि बारमाही झरा त्याच भागात आहे.

अंधार पडल्यावर बागेपलीकडे जाऊ नये असा तिथला कडक नियम आहे. कर्नाटकातून २००२ च्या सुमारास या भागात आलेल्या हत्तींमुळे केळीच्या आणि माडांच्या बागांचे अनेकदा नुकसान झाले आहे. आम्हाला हत्ती दिसले नाहीत. पण घरात आलेली एक लांबलचक धामण मात्र दिसली, मी खाटेवर चढले, आणि आजी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "धामण ती, उंदरांसाठी येता." ती पडवीच्या कडेने सावकाश निघून गेली. पहाटे शीळ घालणारा कस्तुर ओढ्याकाठी गात असे, माणसाने कामात रमून सहज शीळ घालावी तसा, आणि त्याचे गाणे ऐकण्यासाठी आई चारही दिवस माझ्याआधी उठून पडवीत बसलेली असे.

कोणी अशा जागी पावसाळ्यात जाणार असेल तर सुती कपडे कमी न्यावेत आणि लवकर वाळणारे अधिक. माझी चामड्याची पिशवी चौथ्या दिवशी बुरशीने हिरवी झाली आणि कपडे शेवटी चुलीवरच्या बांबूच्या मांडणीवर वाळवावे लागले. जळवा लागतात, त्यांना मीठ पुरते. ज्येष्ठ माणसे बरोबर असतील तर पायऱ्या किती आहेत हे आधी विचारावे. आमच्या वाटेवर बेचाळीस होत्या आणि आई त्या काठी घेऊन, मधे दोनदा थांबून चढली.

कर्दळीच्या वाफ्याचा आणि बंद टाकीचा आराखडा मी परतल्यावर आठवड्याभरात करून पाठवला. पाणी खाली गेल्यावर, म्हणजे दिवाळीनंतर, काम सुरू करायचे असे ठरले, आणि तोपर्यंत विहिरीचे पाणी उकळूनच वापरावे असे दादांनी वाडीतल्या दोन्ही घरांना स्वतः जाऊन सांगितले. डिसेंबरमध्ये त्यांनी छायाचित्र पाठवले: टाकी जमिनीच्या दोन फूट वर, जांभ्याच्याच चिऱ्यांत बांधलेली, आणि खडीच्या वाफ्यात कर्दळीचे कंद नुकतेच लावलेले. खाली त्यांनी लिहिले होते की, आजी विचारतात, माणगावची ती परत कधी येते.